पिनरच्या घराला सूट हवी

ती. अरुणावन्सं यांना,

कचऱ्याची बिन रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवली होती, मुगाची डाळ भिजत घातली होती आणि ह्यांच्या खोलीतला रेडिएटर लावून (तिथे आता कुणी बसत नाही, तरी लावते) मी खाली येत होते, तेवढ्यात परीक्षितचा ब्रॅकनेलहून फोन आला. पण आधी नमस्कार. तुमचा गुडघा जिना चढू देतो का? मी बरी आहे.

तर तुमचा भाचा म्हणाला, "आई, पिनरचं घर विकून टाकू, तू इकडेच ये. फक्त एनर्जी सर्टिफिकेटची मुदत संपलीय, माणूस येऊन नवीन देईल." घर किती ऊर्जा खातं याचा हा दाखला, विकण्याआधी लागतो. लेक मायेने बोलत होता, म्हणून मी बरं म्हटलं आणि ब्रिटिश सरकारची वेबसाइट वाचायला घेतली. तिथे काही घरांना दाखल्यातून सूट दिलेली आहे. मी ठरवलं, सूट मिळाली की दाखला नाही आणि दाखला नाही की विक्री नाही.

पहिली सूट प्रार्थनास्थळांना. आपल्याकडे गणपतीत आरतीला चाळीस माणसं असतात (चपला शेजाऱ्यांच्या दारापर्यंत), म्हणून दाखलेवाल्याला फोन केला. त्याने विचारलं, "तुम्ही तिथे राहता का?" म्हटलं, देवही राहतात. तो फार सभ्य माणूस, हसला नाही. दुसरी सूट पन्नास चौरस मीटरच्या आतल्या सुट्या घराला. मोजायची टेप सापडेना, म्हणून सासूबाईंचं नऊवारी काढून खोल्या मोजल्या. घर भरलं अठ्ठ्याण्णव, शिवाय एक भिंत शेजाऱ्यांना चिकटलेली. तिसरी, वर्षात चार महिन्यांहून कमी राहण्यासाठी असलेल्या घराला. हे गेल्यापासून सव्वा वर्ष मी इथे अर्धीमुर्धीच राहते, पण तसे महिने सरकार मोजत नाही. (पाडायच्या घरालाही सूट असते. ते परीक्षितला सांगू नका.)

शनिवारी तनिषा आली. आजीची कागदपत्रं वाचून नात म्हणाली, "आजी, तुझा घर एक्झेम्प्ट झाला तर सर्टिफिकेटशिवायच विकता येतो. बाबा उद्याच विकेल."

तीन दिवस मी स्वतःच्याच घराची विक्री सोपी करत होते, वन्सं.

"मग तू बाबाला नो का नाही बोलली?"

"तो इतक्या मायेने विचारतो गं."

"सो?"

तिला थालीपीठ वाढलं.

तुमची,
नंदा

ता. क. : आता खरं काम. परीक्षित तुमचा शब्द मोडत नाही. आईला पिनरलाच राहू दे, असं तुम्ही आपणहून सुचल्यासारखं त्याला सांगा. माझं नाव नको.

ता. क. २ : पत्र त्या दिवशी पोस्टात पडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परीक्षितला फोन केला आणि मला घर विकायचं नाही, असं सांगितलं.