पटाशीचं पाणी

२७ सप्टेंबर, शनि.
झोपाळ्याचं काम चार दिवस बंद. नाना सुतार भावकीच्या कामासाठी साताऱ्याला गेले. खंडेनवमीला सकाळी परत येणार, हत्यारांची पूजा इथेच करणार. हत्यारं आमच्या बाल्कनीत, गोणपाटात गुंडाळून.
ऐरोलीत मशिनवाले, प्लायवाले पायलीचे पन्नास. सागवानात हाताने खाच पाडून सांधा बसवणारा हा एकच मिळाला, तोही दिघ्याहून चालत येतो. शैला म्हणते, रिटायर झाल्यावर कुणी विचारत नाही, म्हणून झोके घ्यायचेत तुम्हाला. बोलू दे.

२९ सप्टें.
गोणपाट उघडून पाहिलं. पाच पटाश्या, लाकडात खाच पाडायच्या. मुठी काळ्याकुट्ट, लोखंड झिजून बोटाएवढं उरलेलं. नाना चाळीस वर्षं यांवरच जगले. दिसायला मात्र अगदी दरिद्री.
पूजेच्या दिवशी चकचकीत करून समोर ठेवल्या तर? शै.ला सांगितलं नाही. नको म्हणाली असती.

३० सप्टें., मंगळ.
रबाळ्याच्या रस्त्यावर एक ग्रिलवाला आहे. त्याच्या ग्राइंडरवर पाचही पटाश्या दहा मिनिटांत. काय ठिणग्या उडाल्या. टोकांना निळी-जांभळी झाक आली, छान दिसत होती. फोटो काढला. घरी येऊन मुठींना तेल चोळलं. स्वतःवर बेहद्द खूश.

१ ऑक्टो., खंडेनवमी
नाना आंघोळ करून, झेंडू घेऊन आले. पटाश्या मी आधीच पाटावर मांडून ठेवल्या होत्या. त्यांनी एक उचलली, उजेडात धरली. मग दुसरी. पाचही पाहून झाल्यावर म्हणाले, "पानी उतरलं, साहेब."
मी म्हणालो, नाही हो, कोरड्या करून ठेवल्यात, पाणी कुठलं?
हे मी खरंच म्हणालो. लिहितानाही लाज वाटतेय.
मग त्यांनी समजावलं, शाळेतल्या पोराला समजावतात तसं. पोलाद तापवून विझवतात, त्याला पाणी देणं म्हणतात. धार टिकते ती त्याच्यावर. ग्राइंडरवर तापून निळं झालं की ते पाणी गेलं. निळा भाग घासून काढता येतो, पण यांच्यात पोलाद उरलं होतंच बोटभर, नेमकं तेच जळालं. पुन्हा पाणी देऊ शकेल असा एक लोहार त्यांच्या गावात होता. तो वारला.
"असू द्या. तुमी चांगल्यासाठीच केलं."
आणि त्याच पटाश्यांना हळदकुंकू लावलं. मी बाजूला हात जोडून उभा.

४ ऑक्टो.
नानांनी दगडावर धार लावून पाहिली. सागवानात चार ठोके, की धार वळते. पुन्हा दगड, पुन्हा चार ठोके. दिवसभर हेच. दिघ्यात दरवाज्यांचं एक काम त्यांनी धरलं होतं, तेही सोडावं लागलं. हत्यारच नाही तर काय करणार? म्हणजे मी नुसत्या पटाश्या नाही घालवल्या.
एकदा तरी शिव्या घालतील तर बरं वाटेल. शै. ती कसर भरून काढतेय, पण त्याचा उपयोग नाही.

६ ऑक्टो.
वाशीला हार्डवेअरच्या दुकानात. पटाशी द्या म्हटलं. दुकानदाराने विचारलं, तासायला की ठोकायला? रुंदी किती? पोलाद कुठलं? बेलापूरच्या ऑफिसात पस्तीस वर्षं मी समोरच्याला असेच प्रश्न विचारून परत पाठवायचो. आज कळलं कसं वाटतं ते. शेवटी त्याने दिला तो सेट घेतला, पिवळ्या प्लॅस्टिकच्या मुठींचा.
नानांनी एकीवर नखाने टिचकी मारली, कानाशी धरली. मग कामाला लागले. दुपारपर्यंत तिच्या धारेला दाते पडले.

९ ऑक्टो.
नानांना म्हटलं, तुम्हीच चला, निवडा, हवी ती घेऊ. नाही म्हणाले. "तुमी आनाल ती." हा मोठेपणा आहे की शिक्षा, ते कळत नाही.
तेव्हापासून मोबाइलवर पाहतोय. दाढीवाले गोरे लोक पटाशीने कागद चिरून दाखवतात. प्रत्येकाची पटाशी जगात सर्वांत उत्तम. खाली लोकांचे अभिप्राय, अर्धे म्हणतात घ्या, अर्धे म्हणतात फसाल. अखेर डोळे मिटून मागवल्या. पाच सुट्या, लाकडी मुठीच्या. आता जे होईल ते

१५ ऑक्टो.
पार्सल आलं. नानांना फोन केला, तासाभरात हजर. नव्या पटाशीला धार नसते म्हणे, ती आपण लावायची. हे मला एकाही दाढीवाल्याने सांगितलं नव्हतं (सांगितलं असेल, इंग्रजीत). तीन तास दगडावर. मग मनगटावरचे केस काढून पाहिले. साफ.
"पोलाद झ्याक हाय, साहेब."
मला रडू यायचं बाकी होतं. शै.ने शिरा केला.

१६ ऑक्टो.
काम सुरू. सकाळी नानांनी फळीवर रेघ मारली, खाच पाडायला घेतली. मी पेपर वाचत होतो. ठोक्यांचा आवाज थांबला म्हणून मान वर केली.
खाच रेघेबाहेर गेली होती. दोन सुतांनी, म्हणजे पाव इंच. सांधा आता ढिला बसणार.
मी लगेच म्हणालो, पटाशी लांब आहे हो, जुन्या बोटभर होत्या, हाताला सवय नाही, दोन दिवसांत बसेल. नाना फळीकडेच बघत होते.
"हत्यार बदललं म्हनून हात चुकत न्हाई. वय झालं."
नाही, चूक माझी आहे, मीच त्या... त्यांनी ऐकलंच नाही. नव्या पटाश्या एकेक पुसून त्यांच्याच कागदात गुंडाळल्या, टेबलावर ठेवल्या. जुन्या पाच गोणपाटात घालून घेऊन गेले. चहा न घेता.

१९ ऑक्टो.
आले नाहीत. फोन उचलत नाहीत.
शै. म्हणते दिवाळी आहे, माणूस घरी असणारच. मग दिवाळीत फोन उचलत नाही का कुणी?

२४ ऑक्टो.
दिघ्याला जाऊन आलो. घर सापडलं. नाना बाहेर गेलेले, त्यांच्या बायकोने चहा केला. म्हणाल्या, चाळीस वर्षांत त्यांची खाच कधी रेघेबाहेर गेली नव्हती. "हात गेला म्हन्त्यात. गावाकडं जाऊ म्हन्त्यात. तुमी सांगा की त्यान्ला."
काय सांगू? पटाशीची चूक म्हटलं तर ती माझी चूक होते, आणि माझी चूक ते धरायला तयार नाहीत. हाताची म्हटलं की ते गावाला जाणार. त्या माउलीने मला चकल्या बांधून दिल्या. मी घेतल्याही.

२८ ऑक्टो.
आज नानांनी फोन उचलला. पाठ करून ठेवलं होतं ते सगळं एका दमात बोललो. पटाशीची लांबी, ग्राइंडर, माझा आगाऊपणा, हात अजून चांगला आहे, मी रोज बघत होतो.  नानांनी एवढंच विचारलं, "ती खाच कुनी भरली न्हाई न्हवं?"
नाही म्हणालो. कुणाला फळीला हातही लावू दिला नाही.
"मंग राहू द्या."
फोन बंद.
शै. म्हणते, राहू द्या म्हणजे तशीच ठेवा, मी येतो. मला वाटतं, राहू द्या म्हणजे सोडून द्या, झालं ते झालं. अर्धा तास यावरच वाद घातला आम्ही. एक फोन केला तर कळेल. दोनदा नंबर काढला, दोनदा ठेवून दिला. शै.ला म्हटलं तू विचार. तीही नाही म्हणाली.