आईच्या वाफ्याची हद्द

तर बर्ट, तुला आठवत नाही हे मला अजूनही पटत नाही. "लहान होतो, दगड काय, सगळे सारखेच," असं पुन्हा लिहू नकोस. दगड सारखे असतील, टेंगूळ ज्याचं त्याचं असतं. पत्रातून भांडायचं त्राण आता उरलं नाही, म्हणून कागदच करतो.

मी, वॉल्टर पिनॉक, वय तेवीस, राहणार नेदर कॉम्बली, हल्ली कॅनडात चांदीच्या खाणीवर, डोकं ठिकाणावर असताना, न पिता, कोणी भरीस न घालता हे लिहितो. सोमवारपासून आम्हाला खालच्या बोगद्यात उतरवणार आहेत. तिथे छताला अजून टेकू नाहीत. मी जिवंत वर आलो नाही तर माझ्या वस्तूंचं असं करावं.

कुंपण छाटायचा कोयता बाबांचा, तो माझ्या भावाला, बर्टला. भिंतीला टांगून ठेवू नये, वापरावा.

पेटी आणि लोकरीचे मोजे आईला. मोजे तिनेच विणलेत, उसवले तर लोकर कामी येईल.

बूट माझ्याबरोबर पुरू नयेत. शेजारच्या खाटेवरच्या ओलाफला द्यावेत, तो आत्तापासून पायाला लावून बघतोय.

क्रॅडॉक मालकाला काही नाही. सात वर्षांचा होतो तेव्हा त्याने मला पेरणीवरचे कावळे हाकलायला भर पावसात दिवसदिवस उभं केलं. ती थंडी तेवढी त्याला परत.

आता वाफा. घरामागची जमीन, तिच्यातलं प्लमचं झाड आणि डुकराची खोपी आईची आहे. क्रॅडॉकने हद्दीचा दगड उपटला, कुंपण आत सरकवलं, आणि आता म्हणतो हद्द पहिल्यापासून इथेच होती. वाफा गेला तर आईने हिवाळ्यात बटाटे कुठून आणायचे? खारवायला डुक्कर कुठे पाळायचं?

दगड हरवला की हद्द सांगायची ती त्यावर डोकं आपटलेल्या पोरांनी. आपटतात ते त्यासाठीच, पोरांना जागा जन्मभर लक्षात राहावी म्हणून. आपण लहान असताना त्या मे महिन्यात शिवेची फेरी निघाली: पाद्रीबाबा पुढे, सगळा गाव सोललेल्या काठ्या घेऊन मागे, शिवेवरच्या प्रत्येक दगडाला जवळच्या घरची पोरं. आपल्या दगडाला आपण दोघंच. लोहार हॅगेटने तुला पायांना धरून उलटं केलं.

"मोजून आपट हं हॅगेट, पोराचं डोकं पिनॉकांचं आहे, दगडच फुटायचा," कोणीतरी म्हणालं.

तू ओरडलास, "आईला सांगेन."

"सांग की. कुठे आपटलं तेही सांग, म्हणजे झालं," हॅगेट म्हणाला.

मग दोघांना एकेक गोड पाव मिळाला. तुझा पाव चिखलात पडला, म्हणून माझ्यातला अर्धा तू खाल्लास. हेही विसरला असशील तर मात्र कमाल आहे.

माझी साक्ष अशी: दगड प्लमच्या झाडापलीकडे, ओढ्याच्या अंगाला, जिथे खाजरं गवत माजतं तिथे होता. पण हॅगेट गेला, पाद्री नवा आला, आणि पोस्टाने आलेल्या साक्षीला क्रॅडॉक हसेल. सप्टेंबरअखेर गावसभा भरेल तेव्हा तुलाच उभं राहून जागा दाखवावी लागेल. तू त्याच्याकडे कामाला आहेस, घरात दोन पोरं आहेत, मला कळतं. भित्रा म्हणालो होतो ते मागे घेतो. रागही किती दिवस वागवायचा, दमलो.

सही: वॉल्टर पिनॉक
साक्षीदार: ओलाफ न्यूबर्ग (अंगठा), मार्था क्विगली, खाणावळवाली
कोबाल्ट, कॅनडा. ७ ऑगस्ट १९०९

ता. क. हे पैसे माझ्या मरणाची वाट बघणार नाहीत, याच टपालाने बर्टच्या नावावर निघाले आहेत. साक्ष दिलीस आणि मालकाने काढून टाकलं, तर वसंतातली कामं सुरू होईपर्यंतची तुझी मजुरी: एकोणीस पौंड दहा शिलिंग.