डावखुरी गाठ

निमगाव केतकी,
१४ डिसेंबर २०२४

प्रिय सोनल,

"सोनल का येत न्हाय गं आता?" आबा रोज विचारतात. आई ऐकू न आल्यासारखी भाकरी थापत राहते.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. इकडे बरं चाललंय. तांबडी व्याली, गोऱ्हा झाला. माझं बी.ए.चं प्रमाणपत्र आबांनी देवांच्या शेजारी लावलंय, त्यालाही रोज उदबत्ती ओवाळतात. तुझ्या वसतिगृहातलं जेवण सुधारलं का?

माझ्या चित्रांच्या वहीबद्दल विचारायचं होतं. दिवाळीत "सरांना दाखवून आणते" म्हणून नेलीस ती. आपण दोघींनीही समुद्र पाहिलेला नाही. उजनीच्या कडेच्या होड्या बघून आणि मोबाईलवर शोधून मी जहाजं काढायचे. देवमाशाला मी उजनीतल्या चिलापी माशासारखे खवले काढले, तेव्हा तू किती हसली होतीस! आणि धक्क्याला जहाज बांधलेलं दाखवायचं, तर तिथली गाठ कशी असते ते ठाऊक नव्हतं. मग मी आबांची गाठ काढली, गुरांच्या दाव्याची. ते डावखुरे, त्यामुळे त्यांची गाठ उलटी फिरते. तू म्हणालीस, "जहाज काय गोठ्यात बांधतीस व्हय गं?"

मागच्या रविवारी आई आणि मी बारामतीला चित्रांचं प्रदर्शन बघायला आलो होतो. तुला चित्रस्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, आता रत्नागिरीला आठवडाभर समुद्रावर चित्रं काढायला जाणार, हे कळलं होतं. आईने तुझ्यासाठी शेंगदाण्याचे लाडू केले होते.

चित्र भिंतभर मोठं होतं. तेच जहाज, तोच देवमासा. खाली तुझं नाव. खवले तू पुसलेस, सोनल. गाठ राहिली.

आईनेच गाठीवर बोट ठेवलं. "अगं, ही तर हिच्या आबांची गाठ!"

आणि तू चार लोकांसमोर हसून म्हणालीस, "मावशी, गाठी काय, सगळ्या सारख्याच दिसत्यात."

"व्हय बाई, माझंच चुकलं," आई म्हणाली.

लाडवांचा डबा तिने तुझ्या हातात दिला.

समुद्र बघायची मला किती ओढ होती हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तू मागितलं असतंस, तर दोघींचं नाव लावू म्हटलं असतं मी. चित्र गेलं त्याचं दुःख मी कदाचित गिळलंही असतं. पण माझ्या आईला तू खोटं पाडलंस, आणि तिने तुझी माफी मागितली.

आत्ता मी हे लिहीत असताना आबा गोठ्यात जुनं दावं शोधताहेत. ते गोठ्यात नाही. काल मी ते पिशवीत घालून बारामतीला गेले. प्रदर्शनाच्या संयोजक बाईंच्या खुर्चीच्या पायाला ती गाठ मारून दाखवली. त्या खाली बसून तिच्याकडे बघत राहिल्या, मग उठून चित्रापाशी गेल्या, परत आल्या. मी तुझ्याबद्दल वाईट काही बोलले नाही. एवढंच म्हणाले, "सोमवारी सोनल रत्नागिरीला निघायला येईल, तेव्हा तिलाही ही गाठ मारायला सांगा."

दावं त्यांच्या टेबलावर ठेवून आले आहे.

इथून पुढे पूर्ण नावाने,
संस्कृती गेणू भोंग