फिलूच्या कबरीचा क्रूस

२६ ऑक्टोबर
वेदीपुढचा कठडा, बावीस बाक, कन्फेशनची पेटी, फादरांची खुर्ची. मुलाचा, नेल्सनचा, पाळणा. मार्चमध्ये बायकोची, फिलूची, शवपेटी. ती एका दिवसात. सगळं माझ्या हातचं. शिकवायला कुणी नव्हतं, लाकूड नासवत शिकलो. आजपासून तिच्या कबरीचा क्रूस. सागवान, तीन फूट दोन इंच, खिळा एकही नाही. २ तारखेच्या आत, मृतांच्या दिवसाआधी, उभा राहायला हवा.

२८ ऑक्टो.
नेल्सनला फोन केला. आचोळ्याला राहायला गेला तेव्हा वाटलं, कामणच्या गोदामात नोकरी, तिथून बरं पडतं. मग कळलं, बिलीव्हरांच्या, त्या नव्या पंथाच्या, प्रार्थनेला जातो. आई गेल्यापासून तर आपल्या चर्चची पायरीसुद्धा...
म्हटलं, "दोन तारखेला ये. आईच्या कबरीवर मेणबत्ती लाव."
"बाबा, मेलेल्यांसाठी प्रार्थना बायबलमध्ये नाय. खोटं खोटं नाय जमणार मला."
"आई आहे ती तुझी!"
"म्हणूनच."
फोन मीच ठेवला.

३० ऑक्टो.
शेजारचा इनास वाडीतली वांगी तोडता तोडता कुंपणावरून, "काय मेस्त्री, बाक तू बनवलेस आणि पोरगा बसायला दुसरीकडे!" हसलो. आडव्या पट्टीची खाच अर्धा सूत सैल झाली. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. पट्टी फेकली, दुसरी घेतली.

१ नोव्हें.
क्रूस उभा केला. ओळंबा तीनदा लावला. सरळ. तेल द्यायचं मात्र राहिलं. कोरडं लाकूड दव पितं. चूक माझीच.

२ नोव्हें.
संध्याकाळी दफनभूमी मेणबत्त्यांनी भरली. लोक मुला-सुनांना घेऊन. मी एकटा. फादर पवित्र पाणी शिंपडत आले, विचारलं, "नेल्सन?"
म्हटलं, "ड्युटी आहे."
फिलूच्या समोर उभं राहून खोटं बोललो.

३ नोव्हें.
सकाळी अळशीच्या तेलाची बाटली घेऊन गेलो. क्रुसाला तेल दिलेलं! मागूनही, खाली मातीत जातो तिथपर्यंत. लाकडाच्या रेषेच्या दिशेनं चोळलेलं, जास्तीचं टिपून घेतलेलं. हे मी एकालाच शिकवलंय. रखवालदार म्हणाला, "फाटक उघडल्या उघडल्या एक जण बाइकवरून आला होता. कामावर जाणारा वाटला." मेणबत्ती नाही, फूल नाही. प्रार्थना केली असेल का, कुणास ठाऊक.
बाटली न उघडता परत आणली. फोन करावा असं दोनदा...

९ नोव्हें.
नेल्सन आला, सून आणि छोट्या नातीला घेऊन. छोटी दीड वर्षाची, माझ्याकडे यायला तयार नाही. तेलाबद्दल तो बोलला नाही, मीही नाही. चहा झाल्यावर म्हणाला, "बाबा, आमच्या प्रार्थनेच्या हॉलला प्रवचनाचं टेबल आणि वीस बाक पाहिजेत. मी सांगून टाकलंय सगळ्यांना, माझ्या बाबांसारखा जोड वसईत कोणाचा नाय."
मी रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.
"दोन महिन्यांचं काम आहे. रोज आचोळ्याला यायचं, जेवायला आमच्याकडेच."
सून म्हणाली, "या ना बाबा. ही पण ओळखायला लागेल तुम्हाला."
विचारलं, टेबलावर क्रूस कुठला, साधा की येशूच्या मूर्तीचा?
"क्रूस नकोय त्यांना."
उद्या सांगतो म्हटलं. जाताना छोटीनं हात हलवला. सुनेनं हलवायला लावला.

१० नोव्हें.
मिस्सेहून आल्यावर फोन केला. म्हटलं, "वेदीचं काम केलेले हात आहेत हे. तिथं नाही चालायचे."
 मग, "बरं बाबा. बीपीची गोळी घेता ना?"
"घेतो."
टेबल एक, बाक वीस. लाकूड त्यांचं. दोन महिने, दुपारचं जेवण नेल्सनच्या घरी. नको म्हणून सांगितलं. मजुरी एक लाख ऐंशी हजार.