एक जागेवर, एक जरा खाली

९ फेब्रुवारी
मनीषा आज पुन्हा जिन्यावर अडखळली. म्हणते, पायऱ्या दोन-दोन दिसतात. एक डोळा झाकला की एकच. हे कधीपासून, ते नीट सांगत नाही.
तिचं डोकं नेहमी उजव्या खांद्याकडे कललेलं. बघायला गेलो तेव्हाही तसंच होतं. आत्या म्हणाली होती, लाजते. मला ते आवडलं होतं.

११ फेब्रु.
तिला मान सरळ धरायला सांगितलं. डावं बुबुळ हळूहळू वर सरकलं. काय दिसतं विचारलं.
"तुमी दोघं. एक जागेवर, एक जरा खाली. कललेला. जिमिनीत रुतल्यावानी."
आई भाकरी थापत होती. हात थांबला.

१२ फेब्रु.
आईने मनीषाला विचारलं, दुसऱ्याच्या अंगात शर्ट कोणता. ती म्हणाली, ह्यांचाच.
आई म्हणाली, "दोघांना एकाच ताग्यातले शिवायचे मी."
दादा पाटाच्या पाण्यात वाहून गेला तेव्हा मी दहावीत होतो. परीक्षा राहिली ती राहिलीच. चेहरा आमचा सारखा, सोनईत लोक फसायचे.

१६ फेब्रु.
दुपारी दुकानातून जेवायला आलो. आईने दारातच उभं केलं. मनीषाचे गाल धरून मान सरळ केली.
"हाय का?"
"हाय."
"बरा हाय ना?"
मला हलू नको म्हणून सांगितलं होतं. हललो नाही. आता रोज असंच.

१९ फेब्रु.
नगर. डोळ्यांचे डॉक्टर. मेंदूत काही असेल तर, बसमध्ये हीच भीती.
डॉ.नी तिचं डोकं डाव्या खांद्याकडे कलवलं. डावं बुबुळ सरसर वर. उजवीकडे कलवलं, जागेवर. म्हणाले, डावा डोळा खाली ओढणारा एक स्नायू लुळा आहे. मान कलवून ती दोन्ही डोळे जुळवून घेते. लहानपणचे फोटो आणा. त्यातही मान कललेली असेल तर जन्मापासूनचं, भिऊ नका. सरळ असेल तर डोक्याचा स्कॅन.

२१ फेब्रु.
कोल्हार, सासुरवाडी. बालवाडीचा फोटो, दुसरीचा, मावशीच्या लग्नातला. सगळ्यांत मान उजवीकडे. सासूबाई म्हणाल्या, "पहिल्यापास्नं लाजाळूच हाय." मी मोठ्याने हसलो. मग डोळे पुसले.

२४ फेब्रु.
डॉ.नी फोटो पाहिले. खास काचेचा चष्मा, दोनाचं एक करणारा. ऑपरेशनचं नंतर बघू.
आईला सांगितलं. म्हणाली, मग तो दिसायचा बंद होईल. मी म्हटलं, आई, तो मीच आहे.
"तू हायेसच रं. तू कुठं जातो?"

२ मार्च
चष्मा आला. मान सरळ. कठडा न धरता जिना उतरली. मी किती दिसतो, विचारलं. एकच, म्हणाली.
आई जेवली नाही.

४ मार्च
आई कालही जेवली नाही. आज दुपारी मी दारात आलो, मनीषा चष्मा लावून वाढत होती. आईने हळूच विचारलं, आता नाहीच ना दिसत?
मनीषाने वर पाहिलं.
"हाय की. तिथंच हाय."
आईने ताट ओढलं. अख्खी भाकरी खाल्ली.
आई आडवी झाल्यावर दारात उभा राहून मनीषाला म्हटलं, बरं केलंस, खोटं का होईना.
ती भांडी विसळत होती. म्हणाली, "तुमी दारातून जरा बाजूला व्हा."
झालो. ती रिकाम्या दाराकडेच, जरा खाली बघत राहिली.