अब्बांच्या कबरीवरच्या फरश्या

रविवार, संध्याकाळ. आत्ताच देवगाव रंगारीहून चिकलठाण्याला परत आलो.

अजून किळस जात नाही. धाकट्या सलीमने गावच्या कब्रस्तानात अब्बांच्या कबरीला टाइल्स बसवल्या. त्याच्या नव्या बाथरूममधून उरलेल्या, निळ्या माशांच्या! "देख भाई, कितनी चमक रही!" अब्बांच्या छातीवर मासे.

मग गवंड्याला विचारलं, खाली भर कशाची घातली? तो म्हणाला, "इथलेच जुने दगड फोडले की. लई पडले व्हते." म्हणजे निजामाच्या काळातले, उर्दूत नावं कोरलेले. त्यात पणजोबांचाही होता. आमचं घराणं कुठून आलं, ते फक्त त्या एका दगडावर लिहिलेलं होतं. आता त्या माशांखाली त्याची खडी झालीय. आणि याला म्हणे देखभाल! शी!

अम्मी दारातच उभी होती. आमच्यातल्या बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून तिला सगळं आमच्या तोंडूनच ऐकायचं असतं. "तेरे परदादा के पत्थर पर पानी डाल्या ना रे?"

"हौ," म्हणालो. पाणी शिंपडलंच होतं की. त्या माशांवर.