मैदानाखालची भर

४ नोव्हें., मंगळ.
दोन बस बदलून खराडीहून खडकीला. सून मुग्धा म्हणाली, "बाबा, कॅब करते ना." नको म्हटलं. कॅबमध्ये आठवणी येत नाहीत. कारखान्याची शेड पडलीय, पण पलीकडचं आमच्या कॉलनीचं मैदान तसंच. शनिवारी दुपारी स्टोअरला कुलूप लावून मी इथं येई, कामगारांच्या पोरांकडून पाठ्यपुस्तकातल्या कविता चालीवर म्हणवून घेई. आज एक म्हणून पाहिली. चाल पक्की, शब्द दुसऱ्या कडव्यात संपले.
गायकवाड भेटला. प्लेटिंग खात्यातला, लोखंडाला क्रोमचा मुलामा देणारा जुना दोस्त, आता कॉलनी समितीचा सेक्रेटरी. खुशीत. सरकारी निधी मंजूर : आधी जमिनीची तपासणी, स्वच्छ निघाली की लगेच बाग आणि खेळाचं मैदान. "बिल्डरच्या घशातून काढलंय, मास्तर." स्टोअरकीपर असून मी त्याचा मास्तरच.

७ नोव्हें., शुक्र.
तपासणीच्या इंजिनिअर बोरकर बाई, वर्ध्याकडच्या. जुन्या माणसांना विचारत फिरतायत. "काका, माती तपासायला पैसे मोजक्याच भोकांचे आले. शेडमागं पाडतो, तिथं टाक्या होत्या म्हणतात. तुम्हाला काही आठवते का?"
टाक्या तिथंच होत्या, म्हटलं. खरंच होत्या. टाक्यांतला क्रोमचा गाळ वाळवून कुठं गेला, हे तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

८ नोव्हें., शनि.
मैदान तेव्हा सखल. पावसाळ्यात गुडघाभर पाणी, माझा शनिवार बुडे. मीच साहेबांकडे गेलो. गाळ नाहीतरी फेकताच, भर म्हणून द्या. गेटपास माझ्या अक्षरात. ट्रॅक्टरच्या खेपांवर खेपा. हिरवट-पिवळा, उन्हात इतका सुंदर दिसे की त्यावर चार ओळी केल्या, भुजंगप्रयातात. गणपतीत वाचल्या, टाळ्या पडल्या.
मधोमध गवत कधी उगवलंच नाही. पोरांनी तिथंच पिच केलं. खडकीत असं पिच नाही, कापायला नको, रोलर फिरवायला नको. आम्हाला कोण कौतुक.

९ नोव्हें., रवि.
गा.ला फोन. सगळं सांगितलं.
"गप बस. शेडमागं पाडू दे भोकं. मैदानात घाण निघाली तर सफाईचा निधी वेगळा, अर्ज वेगळा. तोवर पत्रे ठोकून ठेवतील. बघायला आपण असू का?"
"आणि पोरं खेळतील ती?"
"आपली खेळलीच की. काय झालं त्यांना?"
"काय झालं, ते आपण कधी विचारलं—"
त्यानं फोन ठेवला होता.

११ नोव्हें., मंगळ.
मुग्धानं मैदानाचा नकाशा छापून दिला. पिचवर पेन्सिलीनं फुली. "बाबा, तुमच्यावर येईल ना." येऊ दे, अक्षर माझंच आहे. फोटो बोरकर बाईंना गेला. तासाभरात उत्तर : शेडमागची दोन भोकं कमी करून इकडे घेते, लेखी द्याल ना. दिलं.
गा.ला समक्ष जाऊन सांगायचं होतं. गेलो नाही.

१८ नोव्हें., मंगळ.
आज पिचवर भोक पाडलं. नळीतून आधी तांबडी माती, मग हातभर हिरवट-पिवळा पट्टा. तोच रंग. लाज वाटली, आणि क्षणभर जुनं माणूस भेटल्यासारखं बरंही वाटलं. हे कुणाला सांगणार.
दुपारी पत्रे लागले. कॉलनीतल्या एक बाई जाता जाता म्हणाल्या, "यावर करा आता कविता." गा. लांब उभा होता. मी हात केला, तो वळला.

२४ नोव्हें., सोम.
अहवाल यायचाय. सफाईच्या निधीचं बाईंनाही ठाऊक नाही. "अर्ज टाकू, काका. भेटते की नाही, सांगता येत नाही."
संध्याकाळी गा.चा फोन.
"जेवलास?"
"इतक्यात कुठं?"
त्यानं दार लोटल्याचा आवाज. मग, "त्या ट्रॅक्टरच्या दोन खेपा मी घरामागं टाकून घेतल्या होत्या. अळू लावतो तिथं."
गेटपास मीच लिहिला असणार. तो आठवत नाही. त्याच्या बायकोनं वर्षानुवर्षं पाठवलेल्या अळूवड्या आठवतात.
"आणखी कुणी नेला?"
"आठ-दहा घरांनी. तुझ्या बाईंचा निधी अंगणांना आहे का?"
"मैदानापुरताच."
"हं."
म्हटलं, उद्या येतो, दोघं मिळून घरं आठवू, मग बाईंना सांगू.
"उद्या नको. आधी मला हिला सांगू दे. मग ये."